सोळात तीन

८ ऑगस्ट, शुक्रवार

र.दि. 'रक्ताचा दिवस' असं पूर्ण लिहायचा कंटाळा येतो आता. पुणतांब्याहून उजाडताच निघालो, तरी इस्पितळात सईला रक्ताची पिशवी लागेपर्यंत बारा. सुई टोचताना रडली नाही. पाच वर्षांची पोर रडत नाही म्हणून शेजारच्या खाटेवरची बाई कौतुक करत होती. मला त्या कौतुकाचा राग येतो. रडायला हवं पोरीनं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दाखवले. माझा आणि संदीपचा बोन मॅरो सईशी जुळत नाही; जुळला असता तर तो घालून तिचं हे रक्त चढवणं कायमचं सुटलं असतं. अर्धा अर्धा जुळतो, तेवढ्यानं भागत नाही. नात्यातलं लग्न आहे, कधी कधी आईबापाचाही पूर्ण जुळतो, असं मागे म्हणाल्या होत्या. तीही आशा गेली. एकच रक्त रोग द्यायला चाललं, उतारा द्यायला नाही चाललं.

मग बाई म्हणाल्या, "सख्खं भावंड असेल तर जुळण्याची संधी चारात एक. पण त्यालाही थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. विचार करा. करायचं तर चढवलेल्या रक्तातलं लोह हिच्या लिव्हरवर फार साठायच्या आत करा."

परत येताना बाभळेश्वरला चहाला थांबलो तेव्हा संदीप म्हणाला, "चारात एक म्हणजे अगदीच वाईट नाही गं." कुठलं चारात एक, ते मी विचारलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे माझी सासू. आप्पांची सख्खी बहीण. भावाच्या लेकीवर हक्क सांगून मला मिरजगावहून इकडे आणली. लग्नाला सात वर्षं झाली, अजून तोंडात 'सासूबाई' येत नाही.

आत्या सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "चारात एक म्हनली ना डॉक्टरीन? मंग ते एक हून गेलं की. आता ऱ्हायली ती तिन्ही चांगलीच."

म्हटलं, आत्या, चार पोरं रांगेत उभी नसतात. दर खेपेला नव्यानं चारात एक.

"आसं कसं? एका घरात एकदा झालं, त्ये देवाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई व्हय?"

नाही राहत. हेच मी राहात्याच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीच्या पोरांना शिकवते. नाणं मागचं काही लक्षात ठेवत नाही. पोरं वहीत उतरून घेतात. आत्या उतरून घेणाऱ्यातली नाही. भाकरी थापायला लागली.

१७ ऑगस्ट, रविवार

आज कळलं की संदीपचं गणित आत्यापेक्षा भयंकर आहे. फोनवर मित्राला सांगत होता, "रोग न होण्याची संधी पाऊण. जुळण्याची पाव. पाऊण आन् पाव, पुरा एक. झालंच म्हण काम!"

बी.एस्सी. ॲग्री. डोक्याला हात लावला मी.

मग ओट्यावर गोणपाट पसरलं. बागेतून आलेल्या क्रेटमधले पेरू घेतले. चार रांगा, एकेका रांगेत चार. माय-लेकाला समोर बसवलं. म्हटलं, समजा इतकी बाळं. ही मागची रांग सईसारखी आजारी. सरकवली मागे. राहिल्या तीन रांगा. आता प्रत्येक रांगेत जुळणारं एकच. एकेक पेरू पुढे ओढला. तीन.

"बाळाला रोग नको, आणि ते जुळायलाही हवं. दोन्ही एकदम पाहिजे. सोळात तीन."

संदीप म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच. रोगाचं एकीकडे ठरतं, जुळायचं दुसरीकडे. ह्याची त्याला खबर नसते. असं असलं की गुणायचं. मिळवायचं नाही."

संदीप पेरूंकडे बघत बसला. त्याला माल बघून भाव कळतो, हेही कळलं. आत्याचं बोट मात्र भलतीकडेच गेलं. "ह्ये चार नासके, धरलं. ह्ये तीन आपले. आन् ह्ये नऊ?"

"ती बाळं चांगली, धडधाकट. फक्त सईच्या कामाची नाहीत."

बोलून गेले. 'कामाची नाहीत.' तेवढ्यात सई आली, एक पेरू उचलून खात गेली. कुठला उचलला ते मी पाहिलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

ठरवलं. म्हणजे संदीपनं आधीच ठरवलं होतं, आत्यानं त्याच्याही आधी. मीच लोंबकळत होते.

सोळात तीन म्हणजे सोळात तेरा वेळा हरणं. वर्गात कुणी ह्या भरवशावर उडी घेतली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण सकाळी सईची लोह काढायची गोळी पाण्यात विरघळवत होते. ती नाक दाबून पिते, मग अर्धा तास पोट धरून बसते. आज पिऊन झाल्यावर विचारलं, "ही गोळी कधी संपणार?" संपत आली, म्हटलं. रोज हेच सांगते.

मला माझी पोर जगायला हवी आहे. बाकी काही नको. असं लिहिलं की किती सरळ वाटतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दोन रेघा.

संदीपला दाखवल्या. हसला, मग एकदम गंभीर झाला. "कुणाला सांगायचं नाही ना अजून?" नाही. आधी पुण्याला तपासणी, वारेचा तुकडा काढून. रोग निघाला तर...

सईच्या वेळी ह्याच रेघा पाहून मी कॉलेजभर पेढे वाटले होते. आता पोटात आहे नि नाहीही. उलट्या मात्र खऱ्या. बाळंतपणाच्या गोष्टी करायच्या नाहीत, नाव शोधायचं नाही, पोटावर हात ठेवायचा नाही. आत्यानं तरी दृष्ट काढलीच. "रिपोर्ट यील तवा यील. नजर काय रिपोर्टासाठी थांबती?"

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

आप्पा मिरजगावहून आले, आत्याकडून ओवाळून घ्यायला. दरवर्षी येतात. आत्या आप्पांना ओवाळते तेव्हा सासू नसते, मला तेवढाच वेळ ती लहानपणची आत्या वाटते.

सई विचारते, मी कुणाला ओवाळू? चंद्राला ओवाळ म्हटलं, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. आत्या पटकन म्हणाली, "पुढल्या सालाला तुझा भाऊ यील की. तुला रक्त दीईल, ओवाळनीत."

मी तिथंच ओरडले आत्यावर. आप्पांसमोर. भाऊबीजेच्या दिवशी. ओवाळणी आधी ठरली, भाऊ अजून यायचाय. भाऊच येईल हे तरी कुणी सांगितलं?

दुपारी आप्पा नि आत्या पडवीत बसले होते. मी ताक द्यायला गेले तर आत्या म्हणत होती, "सुली आठवती का रं तुला?" आप्पा म्हणाले, "पुसट. पांढरीफटक पडली हुती. पोट ह्ये असं पुढं आल्यालं."

कोण सुली?

त्यांची बहीण. आणि तिच्या पाठचा एक, त्याचं तर नावही ठेवायचं राहिलं होतं. दोघं तशीच गेली. गावानं बाहेरची बाधा ठरवली, आजीनं नवस केले. मग कुणी नाव काढलं नाही. मी आजीच्या मांडीवर वाढले, मला माहीत नव्हतं.

म्हटलं, आत्या, माझ्या लग्नाच्या वेळी हे आठवलं नाही?

"आठवलं आसतं तरी काय? तवा कुनाला म्हाईत, ह्ये रक्तातलं ऱ्हातं म्हून. मला वाटलं, भावाची लेक आली म्हंजी दोनी घरं एक ऱ्हातील." आणि मग रडली. मी तिला रडताना आजोबा गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आज.

दोन्ही घरं एक राहिली, आत्या. फार एक राहिली. लग्नाआधी पत्रिका पाहिली होती, छत्तीसातले अठ्ठावीस गुण जुळले होते. रक्त पाहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

र.दि. रक्तच नाही. दिवाळीत शिबिरं होत नाहीत, सईच्या गटाची एकही पिशवी नाही. सई खुर्चीत पेंगत होती, ओठ पांढरे. संदीपनं राहात्याच्या व्यापाऱ्यांना फोन लावले. ज्याच्याशी गेल्या हंगामात भावावरून बोलणं बंद होतं, तोच आला, मोटारसायकलवर, रक्त देऊन चहा न पिता गेला. संध्याकाळी पिशवी लागली.

परत येताना संदीप म्हणाला, "किती दिवस असं लोकांच्या दारात?" मी आपोआप पोटावर हात ठेवला. नको म्हणून ठरवलेलं असताना. आणि मनात आलं, तूच धावून ये बाई आता, किंवा बाबा. नुसतं चांगलं होऊ नकोस. जुळ.

मग माझीच मला लाज वाटली. अजून अंगठ्याएवढंही नाही ते, आणि मी त्याला कामाला लावते आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अकरावीला आज स्वतंत्र घटना. एकीचा दुसरीवर परिणाम होत नसेल तर दोन्ही घडण्याची संभाव्यता म्हणजे दोन संभाव्यतांचा गुणाकार. फळ्यावर उदाहरण घेतलं: नवरा-बायको मुलाखतीला जातात, दोघांचीही निवड होण्याची संभाव्यता काढा. खाली नेहमीचं वाक्य, 'दोन्ही घटना स्वतंत्र आहेत असे माना.'

शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नवरा-बायको आन् स्वतंत्र?"

वर्ग हसला. मीही हसले. मग खडू हातात धरून फळ्यावरच्या त्या वाक्याकडे वळले.

'असे माना.' दर वर्षी मी हे तीन सेकंदांत म्हणून पुढे जाते. मला हा दोष असणं आणि संदीपला तो असणं, दोन परक्या घरांतलं असतं तर गुणून बारीक झालं असतं, भिंगातून शोधावं लागलं असतं. पण आम्ही एकाच आजी-आजोबांची नातवंडं. दोष त्या दोघांतही होता, म्हणून तर सुली गेली; त्यांनीच आप्पांना दिला, आत्याला दिला, आप्पांनी मला, आत्यानं संदीपला. तिथं गुणाकार नव्हताच. आम्ही मात्र स्वतंत्र आहोत असं मानलं आणि अक्षता टाकल्या.

मुलीला म्हटलं, "चांगला प्रश्न आहे. गुणायच्या आधी हाच विचारायचा." तिला वाटलं टोमणा मारला. खाली बसली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुणे. पोटातून लांब सुई, पडद्यावर ते दिसत होतं. हलत होतं. डॉक्टर म्हणाले पडद्याकडे बघू नका. मग कुठे बघू?

दुखलं. फार नाही. सई हे महिन्या दीड महिन्यात दोनदा सोसते, म्हणून मी 'आई गं' केलं नाही.

रिपोर्टला दोन आठवडे. संदीप येताना चाकणच्या गर्दीत अडकला तेव्हा म्हणाला, "आजारी निघालं तर लगेच ठरवावं लागेल." हो. "तू तयार आहेस?" हो म्हटलं. ह्या एका गोष्टीला मी खरंच तयार आहे. दुसरी सई मी करणार नाही. लोकांनी काहीही म्हणावं.

८ डिसेंबर, सोमवार

फोन आला. मायनर. म्हणजे माझ्यासारखं, संदीपसारखं. दोष आहे, रोग नाही. जगेल, शिकेल, लग्नाआधी रक्त तपासेल.

स्टाफरूममधूनच संदीपला कळवलं.

घरी आले तर दारात चार बायका, आत्या साखर वाटते आहे. "जुळलं गं बया, जुळलं!" संदीपनं फोनवर 'रिपोर्ट चांगला' एवढंच सांगितलं होतं, आत्यानं पुढचं स्वतःच ऐकलं. बायका गेल्यावर सांगितलं, आत्या, रोग नाही एवढंच कळलं. जुळतं का ते पाहिलेलंच नाही अजून. आत्याच्या मुठीत साखर राहिली होती. ती तिनं परत डब्यात टाकली.

सोळातली मागची रांग गेली. बारा उरली, त्यात तीन. म्हणजे पुन्हा चारात एक. एवढं सगळं होऊन पुन्हा चारात एकवरच.

९ डिसेंबर, मंगळवार

पुण्याच्या डॉक्टरांशी सविस्तर बोललो, फोन मोठ्यानं लावून. काढलेल्या नमुन्यातला थोडा उरलाय. जुळतं का ते त्यातच बघता येतं, बाळ जन्मायची वाट बघावी लागत नाही. संदीप लगेच, "मग बघा ना सर."

डॉक्टर म्हणाले, "बघतो. पण आधी मला एक सांगा. नाही जुळलं तर काय कराल? तुमचं उत्तर 'काहीच नाही' असेल तरच मी ही तपासणी करीन. चांगलं बाळ मी पाडणार नाही, आणि दुसरीकडे पाडता यावं म्हणून रिपोर्टही देणार नाही. शुक्रवारी फोन करतो."

फोन ठेवल्यावर संदीप म्हणाला, "म्हणून टाक, काहीच नाही."

"आणि नाही जुळलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"म्हणजे?"

"वैशाली, सईकडे वेळ नाही. हे नऊ महिने, मग पुन्हा एक, पुन्हा नऊ महिने..." वाईट माणूस नाही तो. हिशेब करतोय. मीच शिकवलाय, पेरू मांडून.

मी रागावले नाही कारण हेच सगळं मी त्याच्या आधी मनात बोलून बसले होते. आत्या चुलीपाशी ऐकत होती. एवढंच म्हणाली, "त्या दिवशी तुला इचारलं, नवांचं काय. तू म्हनली, कामाची न्हाईत."

१० डिसेंबर, बुधवार

कॉलेजात चाचणी. एकानं दोन्ही घटनांची बेरीज केली आहे, उत्तर एकापेक्षा जास्त आलंय. लाल शाई फिरवताना हात थांबला. उत्तर एकापेक्षा जास्त येणं म्हणजे काय, तर घडणारच, आणि वर थोडं उरणार. किती आशा असेल पोराला.

दिवसभर ठरवते आहे. जन्मल्यावर कळू दे म्हटलं तर प्रश्नच मिटतो. पण मग सहा महिने पोटाकडे बघून तेच विचारत राहणार, जुळशील का, जुळशील का. आणि आता कळलं नि नाही जुळलं, तर मी 'काहीच नाही' करणारी बाई आहे का? मला खरंच माहीत नाही. सईचे ओठ पांढरे झाले की मी काहीही करू शकते. मला माझीच भीती वाटते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

र.दि. पिशवी लागली आणि पुण्याचा फोन आला. बाहेर व्हरांड्यात गेले. संदीप मागे येऊन उभा राहिला.

"काय ठरलं? नाही जुळलं तर?"

"काहीच नाही."

"नक्की?"

"हो."

"ठीक. नमुना पाठवतो. पंधरा दिवस धरा."

संदीपनं सुस्कारा सोडला, चहा आणतो म्हणाला. मी भिंतीला टेकून उभी. खरं बोलले की खोटं, ते मला आत्ता लिहितानाही सांगता येत नाही. आवाज तरी खरा होता.

आत आले. सई पंख्याकडे बघत पडली होती.

"कुणाचा फोन?"

"बाळाच्या डॉक्टरांचा." परवाच्या साखरेनंतर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तिला बाळाचं माहीत आहे.

"बाळाला पण सुई टोचणार?"

"तुझ्याशी जुळलं तर टोचतील. मोठं झालं की. एकदाच."

तिनं विचार केला. "मग त्याला सांग, सुईकडं बघायचं नाही. पंख्याकडं बघायचं. पाती मोजायची. मग कळत नाही."

सांगते म्हटलं.

"आणि नाही जुळलं तर?"

तिसऱ्यांदा हाच प्रश्न ह्या आठवड्यात. "नाही जुळलं तर नाही टोचणार."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"मग बरंय की," सई म्हणाली, आणि पुन्हा पाती मोजायला लागली.